गेरूखालची साल

वडशाकडच्या एका मालगुजाराने आम्हाला भाजलेलं जंगल हिरवं म्हणून विकलं, आणि दोष टाकला माझा भागीदार देवाजी याच्या नाकावर. देवाजी यंदा पोळ्याच्या आधी वारला. त्याच्या नाकाची चेष्टा मात्र चांद्याच्या लाकूडबाजारात अजून चालते.

देवाजी झाड हुंगून पारखायचा. मालगुजारी जाणार, जंगलं सरकारजमा होणार अशी कुणकुण लागली तेव्हा जो तो मालगुजार उभी झाडं विकत सुटला होता. देवाजी तापाने पडलेला, म्हणून सौद्याला मी एकटा गेलो. येन, म्हणजे ऐनाची झाडं, पालवीने डवरलेली होती. बुंध्यांना गेरूचे जाड पट्टे. विक्रीची खूण, असं मालगुजार म्हणाला. मी भावासाठी कडाकडा भांडलो आणि जिंकलोही... असं वाटलं.

तोडीला देवाजी आला. पहिल्याच झाडाला नाक लावून थबकला.

"भाऊ, आंबूस वास येऊन राह्यला. झाड आजारी हाये."

"तुयाच ताप उतरला नाई," मी खेकसलो. "हिरवंगार तं हाये!"

"तुले हिरवं दिसते. किड्याले इचारू."

त्याने त्या येनाची साल काढून एका फडक्यावर ठेवली, नाल्यापलीकडच्या येनाची दुसऱ्यावर. आम्ही बिड्या ओढत बसलो. दुपार कलली तसा एक काळा किडा आला, ज्वारीच्या दाण्याएवढा. मग दुसरा... मग रानाच्या चारी अंगांनी येतच राहिले, आणि सगळे पहिल्याच फडक्यावर! दुसऱ्याकडे एकही फिरकला नाही. माझ्या हातातली बिडी विझून गेली. पानांनी आम्हाला काही कळू दिलं नव्हतं, पण भाजलेलं झाड आपलं दुखणं वाऱ्यावर सोडत होतं, आणि ज्यांना ते ओळखता येतं ते कुठून कुठून त्या वासाच्या मागावर निघाले होते. एवढं मोठं बोलणं आमच्या नाकासमोरून जात होतं, आणि ते ऐकणारा माणूस एकटा देवाजी.

मी कुऱ्हाडीने गेरू खरवडला. खाली कोळसा. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, ती आग येनात शिरली होती.

जाब विचारायला गेलो तर मालगुजार बाजारभर सांगत सुटला, "त्याच्याच देवाजीने हुंगून पसंत केलं होतं." बाजाराने त्याचंच खरं मानलं, आणि तेव्हापासून देवाजीला कोणी लाकूड पारखायला बोलावलं नाही. तो हसायचा. "किड्याइले ठाऊक हाये, भाऊ." मला ते हसू कधी सोसलं नाही.

माझ्या लाकडाच्या टालात देवाजीची बसायची तिवई तशीच आहे. तिच्यावर त्या येनाची साल ठेवली आहे, अर्धी लाल, अर्धी काळी. मालगुजार, तुम्ही अजून धडधाकट आहात. या, ही साल हातात घ्या, आणि भर बाजारात सांगा: सौद्याच्या दिवशी देवाजी कुठी होता?