पुढचं वाक्य दत्तूअण्णांचं

पेपरात काम करणाऱ्या माणसाकडे दोन प्रकारचा माल असतो. एक छापला जातो आणि संध्याकाळी कुणीतरी त्यात शेंगदाणे बांधून देतं. दुसरा छापता येत नाही, कारण त्यातली माणसं आपल्याला रोज भेटतात. हा दुसरा माल साठत जातो आणि मग बसू देत नाही. आता मी निवृत्त आहे, कोणाच्या रागाची भीती उरलेली नाही, तेव्हा त्यातला थोडा इथे मोकळा करतो.

गोष्ट एकोणीसशे साठच्या आसपासची. बेंगळुरात तेव्हा टेलिव्हिजन आलेला नव्हता, आणि तरीही ब्रिटिश टेलिव्हिजनवरच्या नाटकांवरून आम्ही चार माणसं बसस्टॉपवर भांडायचो. कंटोन्मेंटात एक इंग्रजी वाचनालय होतं. तिथे विलायतेहून त्या नाटकांच्या फिल्मा पत्र्याच्या डब्यांतून यायच्या आणि महिन्यातल्या एका शनिवारी हॉलमध्ये पडदा टांगून दाखवल्या जायच्या. पास फुकट, वर बिस्किट.

चौघांतला एक मी, इंग्रजी पेपरातला रिपोर्टर. दुसरा करमरकर, सरकारी कारखान्यात इंजिनिअर आणि आमच्या मराठी मंडळाचा नाट्यदिग्दर्शक. तिसरे चामराजपेटेतले दत्तूअण्णा, हिशेब खात्यात सुपरिंटेंडेंट आणि मंडळाचे कायमचे प्रॉम्प्टर. चौथ्या त्यांच्या पत्नी पद्माक्का, शाळेत शिक्षिका, आणि मंडळाच्या प्रत्येक नाटकात कुणाची तरी आई.

दत्तूअण्णांचं प्रॉम्प्टिंग साधं नव्हतं. इतर प्रॉम्प्टर नट अडला की वाक्य सांगतात. दत्तूअण्णा पहिल्या वाक्यापासून भरतवाक्यापर्यंत सगळं नाटक नटाच्या अर्धं पाऊल पुढे राहून सांगत. आवाज खणखणीत. पुढच्या रांगांना प्रत्येक नाटक दोनदा ऐकू यायचं, आणि अनेकांना दत्तूअण्णांचंच जास्त आवडायचं.

*

पहिल्याच शनिवारचा किस्सा. पडद्यावर एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ. काहीतरी मोठं बिनसलेलं आहे. भाऊ तिला टाकून बोलतो आणि बाई गप्प होते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यापाशी जाऊन थांबतो. ती काही बोलत नाही. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा.

माझ्या शेजारी दत्तूअण्णा चुळबुळायला लागले. खुर्ची करकरली. शेवटी त्यांच्याने राहवेना. अंधारात, पडद्याकडे वाकून, विंगेतल्या सवयीने ते म्हणाले, "आय अॅम सॉरी."

सगळा हॉल वळून बघायला लागला. आणि तेवढ्यात पडद्यावरची बाई म्हणाली, "आय अॅम सॉरी."

"बघा," दत्तूअण्णा मागे रेलून मला म्हणाले. "विसरली होती."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, करमरकर, तुझ्या थोर ब्रिटिश लेखनाचं परीक्षण झालं. हिशेब खात्यातला माणूस जर न वाचता पुढचं वाक्य सांगू शकतो, तर लेखकाने पैसे कशाचे घेतले?

करमरकर चिडला. म्हणाला, "त्या बाईचा चेहरा पाहिलास का?"

पाहिला होता. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नव्हतं. तेव्हाही आणि आजही माझं मत तेच आहे: त्या नाटकांतली नटमंडळी लेखकांपेक्षा कितीतरी हुशार होती. लेखक अडला की नट गप्प बसून वेळ मारून न्यायचे आणि आपल्याला वाटायचं, केवढं खोल लिहिलंय.

*

करमरकरला तिकडचं सगळंच थोर वाटायचं. पडद्यावर कुणी कोट काढून खुंटीला अडकवला तरी तो माझ्या कानाशी म्हणायचा, "काय काढलाय."

एका शनिवारी खेळानंतर चर्चा ठेवली होती. वाचनालयाचे इंग्रज साहेब स्वतः उत्तरं द्यायला उभे. मला दोन तास एका जागी बसण्याची सवय नाही, त्यात त्या दिवशीच्या नाटकाने डोकं फिरवलेलं. मी उठलो आणि विचारलं, "या नाटकात एक मोलकरीण आहे. ती सारखी आत येते, बाहेर जाते. घरातली सगळी भांडणं तिच्यासमोर होतात. लेखकाने तिला एकही वाक्य का दिलेलं नाही?"

साहेब हसून म्हणाले, "ती फक्त चहा आणण्यासाठी आहे."

मी म्हटलं, "हे तुमचं मत आम्हाला फार वर्षांपासून माहीत आहे."

पुढच्या महिन्यात माझा पास आला नाही. मी गेलोच. दारातल्या माणसाने पास मागितला तेव्हा दत्तूअण्णांनी माझ्या वतीने उत्तर दिलं, "हे आमच्याबरोबर. स्वल्प जास्त बोलतात, पण चोरी करत नाहीत."

*

आता दत्तूअण्णांच्या घरचं. खेळ पाहून आम्ही त्यांच्याकडे कॉफीला जायचो. एकदा मी पद्माक्कांना विचारलं, "आजची बाई कशी वाटली?"

"तिला आवडली," दत्तूअण्णा म्हणाले.

"काय आवडलं, पद्माक्का?"

"शेवटचा प्रवेश," दत्तूअण्णा म्हणाले. "रडली ते."

पद्माक्का पसरट डबऱ्यातून पेल्यात आणि पेल्यातून डबऱ्यात कॉफी ओतत होत्या. मी पुष्कळ मंत्र्यांच्या मुलाखती घेतल्या आहेत जिथे सगळी उत्तरं सेक्रेटरीने दिली. पण मंत्र्यांना निदान उत्तर येत नसायचं.

दत्तूअण्णा सुपारी आणायला आत गेले तेव्हा पद्माक्का हळूच म्हणाल्या, "भावजी, त्या बाईला थांबायला मिळतं."

"म्हणजे?"

"कुणी काही विचारलं की ती आधी थांबते. मग हवं तर बोलते. मी इतकी वर्षं स्टेजवर उभी राहते, पण मी थांबले की यांचं वाक्य येतं. मला एकदा तसं थांबायचंय."

दत्तूअण्णा अडकित्ता घेऊन परत आले. "काय म्हणत होती? साखर कमी पडली?"

"सरी झालीय, अगदी बरोबर पडलीय," मी म्हटलं.

*

त्या वर्षी करमरकरने त्या ब्रिटिश नाटकांतलंच एक मराठीत आणायचं ठरवलं. नवरा घर सोडून गेलेला, पुष्कळ वर्षांनी परत येतो, आणि एका संध्याकाळी दोघं समोरासमोर बसतात, एवढीच कथा. चहाच्या जागी कॉफी आली आणि मोलकरणीला मी भांडून चार वाक्यं मिळवून दिली. बायको पन्नाशीची. मंडळाच्या अध्यक्षांच्या मते ते काम एखाद्या तरुण मुलीने केस पांढरे करून करावं. करमरकर म्हणाला, पन्नाशीची बाई आपल्याकडे आहे, पावडर कशाला.

कमिटीच्या बैठकीत मी आणखी एक ठराव मांडला. या नाटकाला प्रॉम्प्टर नको.

दत्तूअण्णा हातातली पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "इनामदार, त्या इंग्रजांना पाठ होतं कारण त्यांना दुसरं काम नसतं. आपल्या लोकांना ऑफिस असतं."

"मग त्यांना विसरू द्या."

"विसरू द्या? लोकांसमोर?"

अध्यक्ष म्हणाले, कलाकारांना विचारू. पद्माक्का कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला प्रॉम्प्टर नको."

अध्यक्षांनी दत्तूअण्णांकडे पाहिलं.

"तिला म्हणायचंय की..." दत्तूअण्णांनी सुरुवात केली.

"तेच म्हणायचंय," पद्माक्का म्हणाल्या.

अध्यक्ष धूर्त माणूस. त्यांनी अट घातली. प्रॉम्प्टर नको तर नको, पण बाई एका जागी जरी अडल्या तरी पुढच्या वर्षापासून दत्तूअण्णा विंगेत आणि पद्माक्का पुन्हा आईच्या कामात. पद्माक्कांनी मान हलवली. दत्तूअण्णांना प्रेक्षकांत बसवायचं ठरलं, आणि त्यांना धरून ठेवायला शेजारी मी.

*

तालमी चामराजपेटेतल्या शाळेच्या हॉलमध्ये. करमरकरने फर्मान काढलं: टेलिव्हिजनसारखा अभिनय. हात हलवायचे नाहीत, आवाज चढवायचा नाही, जे काय करायचं ते चेहऱ्याने.

नवऱ्याचं काम बँकेतला देशपांडे करायचा. तो इतका हळू बोलायला लागला की शाळेचा शिपाई मागून ओरडला, "सार, जोराक!" करमरकर म्हणाला, "लक्ष देऊ नकोस, भुवयांनी बोल."

मी खुर्चीवरून उठून शेवटच्या बाकापर्यंत गेलो आणि तिथून ओरडलो, "करमरकर, तिकडे कॅमेरा नटाच्या नाकाशी जातो, म्हणून भुवई पुरते. इथून मला देशपांड्याचं डोकं आहे की माठ तेही कळत नाही. इथली भुवई नारळाच्या झावळीएवढी लागेल."

आमचं तिथेच जुंपलं. पद्माक्का मध्ये पडल्या नाहीत. त्यांनी आपला प्रवेश पुन्हा सुरू केला. देशपांडेने विचारलं, "तू सुखात होतीस ना?" इथे मूळ नाटकातली बाई थांबते. पद्माक्का कॉफीचा पेला हातात घेऊन थांबल्या. चेहरा आम्हाला दिसत नव्हता, त्या पाठमोऱ्या होत्या. पेला मात्र ओठांच्या वाटेवर मध्येच राहिलेला. मी शेवटच्या बाकापाशी उभा होतो, तो खाली बसलो.

मग त्या वळून वाक्य म्हणाल्या, "कॉफी निवली. दुसरी करते."

करमरकरने वहीत काहीतरी लिहून घेतलं. नंतर पद्माक्का म्हणाल्या, "इथे जमतं. घरी नाही जमत. घरी मी कणीक मळताना थांबले तरी हे आतून सांगतात."

*

प्रयोगाचा दिवस. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत अध्यक्ष, त्यांच्या शेजारी वाचनालयाचे साहेब, मराठीचं एक अक्षर येत नसताना ताठ बसलेले. तिसऱ्या रांगेत दत्तूअण्णा आणि मी. त्यांनी लांब कोट घातला होता. मी विचारलं, "संहिता आणलीत का?"

"छे. कशाला?" असं म्हणून त्यांनी कोटाची बटणं लावली.

पडदा वर गेला आणि त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता. देशपांडेचं वाक्य, बायकोचं, मोलकरणीचं, सगळी वाक्यं ते ओठांतल्या ओठांत म्हणत होते, अर्धं पाऊल पुढे. गुडघा सारखा हलत होता, त्यांच्याबरोबर माझी खुर्चीही. मी त्यांची बाही धरून ठेवली होती. पद्माक्का कुठेही अडल्या नाहीत. मोलकरणीला माझ्या एका वाक्यावर हशा मिळाला तेव्हा मी साहेबांच्या मानेकडे बघून घेतलं.

मग तो प्रवेश आला. देशपांडे, या वेळी शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, म्हणाला, "तू सुखात होतीस ना?"

पद्माक्का थांबल्या.

पेला मध्येच राहिला. तालमीत थांबायच्या त्यापेक्षा जास्त वेळ. मला वाटलं, आता बोलतील. नाही बोलल्या. मागे कुणाचंतरी मूल कुरकुरलं आणि त्याला गप्प केलं गेलं. देशपांडेने भीतीने विंगेकडे पाहिलं, तिथे कुणीच नव्हतं. अध्यक्षांनी मान थोडी वळवून दत्तूअण्णांकडे पाहिलं. मीही मनात म्हटलं, अडल्या की काय.

माझ्या हातातून बाही सुटली. दत्तूअण्णा अर्धवट उठले आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "कॉफी निवली!"

पद्माक्का सावकाश वळल्या. देशपांडेकडे नाही, आमच्याकडे. तिसऱ्या रांगेकडे. पेला तसाच हातात.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

आणि पुन्हा पाठमोऱ्या झाल्या. पुन्हा थांबल्या. त्यांना हवं तेवढं थांबून झाल्यावर त्या पेला घेऊन, एक शब्दही न बोलता आत निघून गेल्या.

आधी अध्यक्षांनी टाळी वाजवली, मग साहेबांनी, मग सगळ्या हॉलने.

दत्तूअण्णा खाली बसले. कोटाची बटणं काढून त्यांनी आतून संहिता बाहेर काढली, स्टेजच्या उजेडात डोळ्यांजवळ धरली आणि पानं उलटायला लागले. पुढे गेले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. टाळ्या अजून चालूच होत्या.

"इनामदार," ते माझ्या कानाशी म्हणाले, "हे वाक्य कुठे आहे?"