सांगाव्याची सायकल

चढ चढून आल्यावर लगेच पाणी पिऊ नये, असं मी कुठल्याशा आरोग्याच्या मासिकात वाचलं होतं. मनापासून पाळलेले नियम माझ्याकडे फार नाहीत, पण हा एक पाळत होतो. म्हणून सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात पुढे आल्या तेव्हा मी मान हलवली. नको, एवढंच मला म्हणायचं होतं. तोंडाने म्हणालो असतो तर बरं झालं असतं. पण छातीचा भाता असा चालला होता की तोंड फक्त श्वास घेण्यापुरतं उरलं होतं.

हे नीट सांगायचं तर सायकलीपासून सुरुवात करायला हवी.

मी मूळचा महाडचा. पोलादपूरच्या एका कचेरीत बदली झाली आणि आम्ही दोघं तिथे भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. हाताशी रविवार मोकळे होते, म्हणून मी एक जुनी काळी सायकल घेतली. गाव बघायचे, वाटा धुंडाळायच्या, अशी हौस. हमरस्त्याने महाड, तिथून बिरवाडीवरून शिवथर, घळीत बसून डबा खायचा आणि परत. नाहीतर महाबळेश्वराच्या रस्त्याला लागायचं आणि कापड्याकडे वळायचं. या मुलखात प्रत्येक दुसरं गाव इतिहासात आहे. जिथून घोडे दौडत गेले म्हणतात, तिथून मी सायकल ढकलत गेलो आहे. उतारावर ब्रेक लागत नसत, चढावर पाय चालत नसत, आणि सपाटी आमच्याकडे देवाने ठेवलेली नाही. एकदा गवताचा भारा घेऊन चाललेली एक म्हातारी थांबून म्हणाली, "अरे, तू सायकलीवर बसतोस का सायकल तुज्यावर?"

माझी हौस अशी चालली असताना नातेवाइकांना वेगळाच शोध लागला. आमच्याकडे कुणी वारलं की नात्यातल्या गावांना सांगावा धाडतात. सांगावा आणणाऱ्याने घरात जायचं नसतं, टेकायचं नसतं, पाणी घ्यायचं नसतं. अंगणात उभ्याने सांगायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. पूर्वी हे काम पायी व्हायचं. आता जावयाकडे सायकल आहे म्हटल्यावर माझ्या घरचे, सासरचे, सासरच्यांच्या सासरचे, सगळे माझ्या दारात यायला लागले. कुणी मेलं रे मेलं की, "तुमाला काय, पायडल मारलं की पोचलात."

वर्षभरात माझी सायकल त्या पट्ट्यात ओळखीची झाली. घंटी वाजली की बायका हातातलं टाकून दारात येत. एकदा मी नुसते वाल आणायला निघालो होतो, तर एका घरातून रडण्याचा पहिला सूर निघालासुद्धा. मी "वाल! वाल न्यायला आलोय!" असं ओरडत पुढे पळालो. त्यानंतर मी गावाच्या वेशीपासूनच दात काढत यायला लागलो, म्हणजे लोकांना लांबूनच कळावं की आज सगळे जिवंत आहेत.

त्या दिवशी मात्र दात काढण्यासारखं काही नव्हतं.

बायकोचा धाकटा भाऊ मुंबईला गोदीत कामाला होता. आदल्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं होतं. मुंबईत खोली मिळेपर्यंत त्याची बायको गावीच, सासू-सासऱ्यांजवळ होती. त्यांचं घर कापड्याच्या पुढे, एका टेकाडावरच्या वाडीत. आमच्या खोल्यांखाली ट्रकांचा धंदा करणारे एक चाचा होते. आसपास फोन तेवढा त्यांच्याकडे. सकाळी त्यांनी खालून हाक मारली. मेव्हणा कामावर उंचावरून पडला होता. इस्पितळात होता, शुद्धीवर नव्हता.

"पण जिता हाय," चाचा माझा खांदा दाबून म्हणाले. "घरात तसाच सांगा, जिता हाय म्हणून. म्हाताऱ्याला दुपारच्या गाडीला घाला."

बायकोने ऐकलं आणि भिंतीला टेकून बसली. मी पाणी द्यायला गेलो तर म्हणाली, "मला काय देताय? तुम्ही निघा."

सकाळची एस.टी. गेली होती. मी सायकल काढली. भातकापणीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना पिवळी शेतं, वाकलेल्या पाठी, विळ्यांचा आवाज. एरवी मी अशा सकाळी स्वतःशीच गाणी म्हणतो, म्हणजे मला ती गाणी वाटतात. त्या दिवशी रस्ताभर एकच वाक्य घोकत होतो: जिता आहे, काळजी करू नका. कापड्यानंतर डांबर संपलं. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या वाळून दगड झाल्या होत्या. शेवटचा चढ मी उतरून ढकलत चढायला हवा होता. पण घाई होती, आणि खरं सांगायचं तर तो चढ बसल्याबसल्या चढणं ही माझी जुनी इच्छा होती. ती त्या दिवशी पुरी झाली. वर पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे होते.

सायकलीचा स्टँड तुटलेला, म्हणून मी हँडल धरून अंगणातच उभा राहिलो. सासूबाईंनी मला पाहिलं. चेहऱ्यावर हसू नाही, हे पाहिलं. त्या आत गेल्या, तांब्या घेऊन आल्या आणि माझ्यापुढे धरला. आता मला कळतं की तो तांब्या म्हणजे प्रश्न होता. मी मान हलवली.

मागे खळ्यात मेव्हण्याची बायको भात झोडत होती. ती केव्हा पुढे आली ते मला दिसलं नाही. ती खाली बसली आणि दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले. हिरव्या काचा अंगणभर उडाल्या, एक तुकडा माझ्या चपलेपाशी येऊन पडला.

तेव्हा कुठे मला आवाज फुटला. "जिता आहे! अहो, जिता आहे तो!"

मी इतका ओरडलो की खालच्या शेतातून सासरे विळ्यासकट धावत आले. मग मी एका दमात सगळं सांगितलं: पडला, इस्पितळ, शुद्ध नाही, पण जिता आहे, जिता आहे. ती आपल्या मनगटांकडे बघत होती. एका मनगटातून रक्त येत होतं.

सासूबाईंनी तांब्या जमिनीवर आदळला. "पानी नको तं तोंडानं सांगाचा ना! तोंड काय गहान टाकलाव?"

मी म्हणालो, "चढ चढल्यावर लगेच पिऊ नये म्हणतात." असं वाक्य त्या क्षणी तोंडातून निघू शकतं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

सासऱ्यांनी सदरा चढवला. ती उठली आणि म्हणाली, "मी पन येतंय मुंबयला."

सासूबाई तिच्यापुढे आडव्या झाल्या. "ह्या हातांनी? ह्या हातांनी त्याच्या पुढ्यात जाशील? आधी काकना भर, मगं जा."

"वाटंत भरीन."

"नाय. तो जिता हाय, नि तू मोकल्या हातांनी हा उंबरा वलांडायचा नाय."

नवीन बांगड्या भरायच्या तर कासारीण हवी, ती पोलादपुरात, आणि दुपारची गाडी थांबणार नव्हती. असं ठरलं की म्हाताऱ्याने पुढे जायचं, मी कासारणीला घेऊन यायचं, आणि सुनेने दुसऱ्या दिवशी निघायचं.

सासरे आयुष्यात पहिल्यांदाच सायकलीवर बसत होते. कॅरिअरवर बसून त्यांनी माझा सदरा दोन्ही मुठींत धरला. चढाने जो वेळ खाल्ला होता तो उताराने भरून दिला. ब्रेक नव्हतेच, आम्ही दोघे भातशेतांतून दगडासारखे खाली आलो. एरवी मी अशा उतारावर ओरडलो असतो. मागून फक्त त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. आधी वाटलं देवाचं नाव घेतायत. मग नीट ऐकलं. ते पोराचं नाव घेत होते, सारखं, कुणीतरी लांब निघून चाललंय आणि त्याला हाक मारावी तसं.

त्यांना गाडीत बसवलं. कासारीण पोलादपुरातली, वयस्क मुसलमान बाई. तिला सगळं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला, टोपली बांधली आणि कॅरिअरवर बसली. अर्ध्या वाटेत म्हणाली, "भावा, हलू चाल. माज्या टोपलीत आनखी काच फुटाया नको आज."

वाडीत पोचेस्तोवर उन्हं कलली होती. कासारणीने त्या पोरीचा हात मांडीवर घेतला, चिंधीने पुसला, जखम चुकवत एकेक बांगडी चढवली. पोरीने सगळा वेळ मान दुसरीकडे फिरवली होती. शेवटची चढल्यावर ती उठली, आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. "दाजी, पानी."

मी तांब्या रिकामा केला. तिने परत भरला, मी परत प्यायलो. पोटात जागा नव्हती, पण तिने तिसऱ्यांदा भरला असता तरी मी प्यायलो असतो. ती माझ्या घशाकडे बघत होती, प्रत्येक घोट खाली उतरतो की नाही ते.

दुसऱ्या दिवशी तिचं जाणं झालं नाही. चाचांकडे सासऱ्यांचा निरोप आला: इथे उतरायला जागा नाही, डॉक्टर कुणाला भेटू देत नाहीत, सून आणू नका, बघू. त्या "बघू"वर आम्ही ते दिवस काढले. मी कचेरीत जात होतो, आवकजावक लिहीत होतो, आणि मनात एकच हिशेब फिरत होता: ती त्याच दुपारी म्हाताऱ्याबरोबर निघाली असती तर निदान त्याला दिसली असती. त्याला दिसली असती का, हे मला माहीत नाही. शुद्धच नव्हती. पण मनाला शुद्धी-बेशुद्धीचं काही पडलेलं नसतं.

मग एका सकाळी चाचांनी हाक मारली नाही. ते स्वतः जिना चढून आले. ते वर आलेले मी पहिल्यांदाच पाहिले. त्यांना बायकोला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी मला बाहेर घेतलं: पहाटे गेला. त्यांचाच एक ट्रक मुंबईत होता, तो घेऊन निघालाय, संध्याकाळपर्यंत पोलादपुरात येईल. वाडीत आधी कळायला हवं.

बायको रडत होती, आवाज न करता, पदर तोंडात कोंबून. तिचा पाठचा भाऊ, कडेवर घेऊन वाढवलेला. मला तिच्याजवळ बसायचं होतं. पण ज्याच्याकडे सायकल आहे त्याला बसता येत नाही, हे एव्हाना माझ्या अंगात मुरलं होतं. मी सायकल ओट्यावरून खाली घेतली. मागच्या चाकात हवा कमी होती, पंप लावला. तो दर दाबाला कण्हल्यासारखा आवाज करायचा. त्या सकाळी तो आवाज सगळ्या आळीत ऐकू जातोय असं वाटत होतं.

हवा भरून मी मान वर केली तर बायको दारात उभी होती. डोळे पुसलेले होते. ती खाली आली आणि तिने हँडलवर हात ठेवला.

"सायकल नको नेऊ," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून मला तिने कधी एकेरीत हाक मारली नव्हती. त्या वेळी ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. "चालत जा. वाटेत बसावंसं वाटलं तर बस. तेवढा वेळ तरी तिला कुंकू लावू दे."