विहिरीचं घड्याळ

किसनराव इंगळे गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात घरचे मला दोन शब्द बोला म्हणाले होते. मला उठताच आलं नाही. खरं तर सांगण्यासारखं मला माहीत तरी काय होतं? ते किती शिकले, तरुणपणी कसे होते, त्यांना काय आवडायचं, यातलं मला काही ठाऊक नाही. आमची ओळख एका विहिरीपुरती. लिहायची मला सवय नाही, पण तेवढं लिहून ठेवतो.

नोकरी संपल्यावर मी देऊळघाटच्या शिवारात थोडं वावर घेतलं. त्यासोबत सामाईक विहिरीचा हिस्सा आला. बाकीचे दोन हिस्से किसनरावांचे आणि त्यांच्या पुतण्याचे, देवानंदचे. मोटारीला वीज असायची तेवढ्या वेळात तिघांनी पाळीने पाणी घ्यायचं, आणि पाळी चालायची किसनरावांच्या मनगटावरच्या घड्याळावर. मोबाईल चालत नसे. देवानंदने एकदा आपल्या मोबाईलची वेळ पुढे करून पाणी लवकर वळवून घेतलं होतं, तेव्हापासून हा नियम. पाळी संपली की किसनराव डावा हात उंच करून म्हणायचे, "झालं." मग कुणी वाद घालत नसे.

ते घड्याळ ऑटोमॅटिक होतं. त्याला सेल नाही, चावी द्यायला नको. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि ते आपोआप भरतं. असली घड्याळं अगदी काटेकोर नसतात म्हणे. किसनरावांचं दिवसभरात जरा पुढे जायचं. मग झोपताना ते काढून उशाशी एका कडेवर उभं ठेवायचे. तसं ठेवलं की ते जरा मागे यायचं आणि सकाळी बरोबर असायचं. हे त्यांना कुणी शिकवलं, ते विचारायचं राहूनच गेलं.

हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांना लकवा मारला. पाय सावरला, पण डावा हात छातीशी दुमडून राहिला. काठी टेकत ते विहिरीवर यायचे. जनकाबाई, त्यांच्या पत्नी, रोज सकाळी घड्याळ त्याच हातात बांधून द्यायच्या. वेळ बघायची तर उजव्या हाताने डावं मनगट उचलावं लागायचं.

हरभऱ्याला पाणी चालू होतं. एका सकाळी पहिली पाळी त्यांची होती. माझ्या अंदाजाने ती केव्हाच संपली होती. शेवटी देवानंद बोललाच.

"काऊन हो काका, तुमची घडी तुमच्याच वावरात आली का थकते?"

"माही घडी कधी खोटं बोलली का रे?"

"घडी कायले बोलते? बोलनारे तुमी."

किसनराव मनगटाकडे बघत राहिले. काटा चालू होता, पण बराच मागे. मग ते मला म्हणाले, "साहेब, तुमी बुलडान्याले राह्यता. एवढी दुरुस्त करून आना. मले चोर म्हनून राह्यला हा पोट्टा."

घड्याळजीचं दुकान बंद होतं, म्हणून मी ते हातात घालून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर नीट चाललेलं. आणखी काही दिवस घातलं. जरा पुढे जायचं, नेहमीसारखं. तेव्हा कळलं की बिघाड घड्याळात नव्हता. दुकानात न जाताच मी ते परत आणलं.

"घड्याळ चांगलं आहे," मी म्हणालो. पुढचं वाक्य मी वाटभर जुळवत आलो होतो. ते तोंडातच राहिलं.

"मी काय म्हनलं? कचरा गेला असंन आत!" किसनराव खूश झाले. जनकाबाई पट्टा बांधू लागल्या, पुन्हा डाव्याच हातात.

"उजव्यात घालून पाहा ना," मी कसंबसं म्हणालो.

"उजव्यात काऊन? हा हात येऊन राह्यला ना आता. ही तेल चोळते रोज. हे पाहा, बोट हाललं."

बोट हललं नव्हतं. मी "हो" म्हणालो.

निघताना जनकाबाई वावराच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत आल्या. "मले समजते, भाऊ. उजव्यात बांधू का म्हनलं तं दिवसभर जेवले नाही. म्हने, घडी काढली म्हंजे हा हात मेला."

देवानंदला मी सगळं सांगितलं. त्यानंतर तो मोबाईल खिशातच अर्धवट वर काढून बघायचा आणि म्हणायचा, "काका, झालं का?" किसनराव मनगट उचलायचे. काटे कधी मागे असायचे, कधी थांबलेले. ते देवानंदच्या तोंडाकडे बघायचे आणि म्हणायचे, "झालं." मी त्या वेळी दांडातल्या पाण्याकडे बघायचो. दुसरं काय करावं, मला सुचलं नाही.

हरभऱ्याच्या शेवटच्या पाण्याला आम्ही दोघंच विहिरीवर होतो. ती आमची शेवटची भेट. किसनराव एकदम म्हणाले, "साहेब, तुमच्यात किती वाजले?"

इतक्या वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणाला वेळ विचारलेली मी ऐकली नव्हती. मी सांगितली. त्यांनी डावं मनगट उजव्या हाताने धरून माझ्यापुढे केलं.

"मियवून द्या."

मी काटे मिळवले. हात गार होता. तो धरून थोडा हलवला असता तर घड्याळ थोडं तरी भरलं असतं. माझा धीर झाला नाही. मी तो हळूच त्यांच्या मांडीवर ठेवला.

"उद्या येता?" त्यांनी विचारलं.

"मोटारीला लाइन आली की येतो."

"घरून चाय पिऊनच निघजा. सकायची थंडी राह्यते इथं."

"हो," मी म्हणालो.