कापडात ठेवलेली सुई

भास्करदादा गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय निघालं? "आणि वहीचं काय?" वहिनींनी फोन ठेवून दिला. महिना झाला, त्या प्रश्नाची लाज अजून जात नाही. माणूस गेला आणि मला वही आठवली... असाच आहे मी, उतावळा.

दादा म्हणजे माझे लिहिण्यातले थोरले मित्र. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जीन्स शिवायचे आणि संध्याकाळी अंबरनाथच्या घरी बदलापूरजवळच्या आपल्या गावाबद्दल वहीत लिहायचे. रोज पाच-सहा ओळी, आणि शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धं. मशीनवरून उठताना सुई कापडात रुतवून ठेवली की कापड सरकत नाही, उद्या टीप तिथूनच पुढे जाते. त्यांचं लिहिणंही तसंच. अकरा वर्षं हेच. तेवढ्यात माझी चार पुस्तकं आली. "दादा, तुमच्या शेतात टॉवर उभे राहिले, तुमची लावणी काही संपत नाही," मी चिडवायचो. "तुझी गाडी सुटते काय रे?" म्हणायचे.

एकदा मी हद्दच केली. जमीन विकली त्या दिवसाचं पान उघडं होतं. 'आय बांधावरून घरी आली आणि...' एवढंच. ते चहा सांगायला आत गेले, तेवढ्यात मी पुढे लिहून टाकलं. तिला ओक्साबोक्शी रडवलं. मला तर ते फक्कड वाटलं होतं. दादांनी वाचून चष्मा काढला.

"माझी आय रडली नव्हती."

"मग काय केलं तिनं?"

"तेच तर आठवतोय."

माझे शब्द त्यांनी एकेक करून खोडले, चुकलेली शिलाई उसवावी तसे. तीन महिने वाक्य तिथेच अडलं. मग एके दिवशी वही पुढे सरकवली: 'आणि पायांचा चिखल तिनं धुतलाच नाही.' हे मला जन्मात सुचलं नसतं. तेव्हा हेवा वाटला, आता नुसता तळमळतो.

परवा वहिनींनी वही हातात ठेवली. "भाऊजी, शेवटची ओळ तेवढी पुरी करा, म्हणजे पुस्तक निघेल." शेवटची ओळ होती, 'मी आयला विचारलं...' मी वेगवेगळ्या कागदांवर नऊ शेवट लिहिले. सगळे झकास, सगळे खोटे.

वही परत द्यायला गेलो. खिडकीशी दादांचं घरचं मशीन, त्यावर उशीचा अभ्रा, सुई त्यात तशीच रुतलेली.

"काढवत नाही मला," वहिनी म्हणाल्या.

"मग वहीपण तशीच छापू," मी म्हटलं. नऊ कागद खिशातच राहिले.