मीनिंग सरांची साक्ष

आमचे इंग्रजीचे सर भिगवणच्या चौकात वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली उभे राहायचे आणि फ्लेक्सवरचा पोरगा समोर आला की त्यालाच विचारायचे, "किंगमेकर लिहिलंय वर. मीनिंग सांग." पोरगं गॉगल काढून खाली बघायचं, कारण दहावीपर्यंत त्यानंही सरांच्याच वर्गात बाक झिजवलेला असायचा. मग सर तिथंच, वडापच्या जीपांच्या गर्दीत, त्याला शब्दाचा अर्थ सांगायचे आणि म्हणायचे, "पुढच्या वर्षी कळून लाव." मीनिंग सर हे नाव त्यांना कुणी ठेवलं माहीत नाही, पण त्यांची बायकोसुद्धा तेच म्हणायची.

सर मूळचे कऱ्हाटीचे. धडा शिकवताना भाषा पुस्तकातली, पण मनापासून काही सांगायचं असलं की थेट कऱ्हाटी बाहेर पडायची. "शब्द उसना घेतलाय ना, मग त्याचं घरदार बघून या," हे त्यांचं पालुपद. अर्थ, उगम आणि वापर, तिन्ही सांगितल्याशिवाय ते शब्द सोडायचे नाहीत. माहीत नसलं तर "उद्या सांगतो" म्हणायचे, पण अंदाजपंचे काही ठोकून द्यायचे नाहीत. म्हणून दवाखान्याचे कागद, विम्याचं इंग्रजी घेऊन आसपासच्या गावांतली माणसं त्यांच्याकडं यायची. पारावर वाद लागला आणि कुणी म्हणालं, "मीनिंग सर असं म्हणले," की वाद मिटला.

नववीत त्यांनी 'असॅसिनेशन' शिकवला. स्पेलिंगसाठी फळ्यावर ass-ass-I-nation असं तोडून लिहिलं आणि म्हणाले, "आधी दोन गाढवं, त्यांच्यामागं मी, आणि माझ्यामागं अख्खा देश." वर्ग खिदळला. मग उगम. इराणच्या डोंगरी किल्ल्यांवर एक पंथ होता, मोठमोठ्या सत्ताधाऱ्यांना गाठून मारणारा. त्यांचे शत्रू त्यांना 'हशीशी', म्हणजे नशेबाज, म्हणून हिणवायचे. "खरंच नशा करायचे का? जाणकार म्हणतात, पुरावा नाही. पण शत्रूनं ठेवलेलं नाव तेवढं युरोपात गेलं आणि तिथून आपल्या फळ्यावर आलं."

दत्ता माझ्या मागच्या बाकावर बसायचा. त्यानं विचारलं, "सर, मर्डर म्हणा नाहीतर हे म्हणा, मेलेल्याला काय फरक पडतोय?"

सर खडू ठेवून त्याच्याजवळ आले. "मेलेल्याला न्हाय पडत रं. मागं ऱ्हाणाऱ्याला पडतो. मर्डरमधी माणूस मारत्यात. ह्यात त्यो जे बोलतोय, ते मारत्यात. म्हणून ह्याला आपल्यात नुसता खून म्हणायचं न्हाय, राजकीय हत्या म्हणायचं."

आमची शाळा संपली. मी वकील झाले, दत्तानं गावात गोठा घातला. गावच्या दूध संस्थेच्या सभेत तो दुधाचा दर ठरवणाऱ्या फॅटच्या मशीनबद्दल विचारायला लागला आणि पुढं चेअरमनच्या विरोधात निवडणुकीला उभा राहिला. असं आमच्याकडं कुणी करत नाही. एका संध्याकाळी सर दूध घ्यायला संस्थेत गेले होते. तिथं चेअरमनच्या माणसानं त्यांच्यादेखत दत्ताला सांगितलं, "अर्ज मागं घे, न्हायतर म्हशी बघायला तू ऱ्हाणार न्हाईस." दत्तानं अर्ज मागं घेतला नाही. मतदानाच्या आधी त्याला रस्त्यात गाठून मारलं. पोलिसांनी त्याच माणसाला धरलं, पण पेपरात आलं, पाण्याच्या पाळीवरून झालेल्या भांडणात तरुणाचा मृत्यू.

सर पेपर घेऊन माझ्याकडं आले. "शब्द चुकलाय गं," एवढंच म्हणाले आणि पोलिसांना जबाब द्यायला निघाले. संस्थेत जे ऐकलं ते त्यांनी शब्दन् शब्द सांगितलं. दुसऱ्या कुणीच सांगितलं नाही.

उजनीच्या पाण्याकडेला दत्ताचा दहावा झाला. रिवाजाप्रमाणं पुढाऱ्यांची भाषणं झाली. चेअरमन म्हणाले, होतकरू तरुण काळानं हिरावून नेला. सर उठले आणि माईक धरून म्हणाले, "काळानं न्हाय नेला. ही राजकीय हत्या हाय." माईकवाल्यानं लगेच बटण बंद केलं. तेवढ्यात कावळा पिंडाला शिवला आणि माणसं सुटल्यासारखी झाली. दत्ताची काही इच्छा राहिली नाही म्हणत जो तो गाडीला किक मारायला लागला. येताना सर म्हणाले, "त्यो कावळा बी चेअरमननंच धाडला असंल." मला हसू आलं आणि हसल्याची लाजही वाटली.

मग कुजबूज सुरू झाली की दत्ता पिऊन भांडायचा. ज्यानं जन्मात सुपारी खाल्ली नाही, तो मेल्यावर दारुडा झाला. "बघ, केला का न्हाय नशेबाज?" सर म्हणाले. आता त्यांचा सगळा जीव त्या साक्षीत अडकला होता. कोर्टाच्या निकालात एकदा खरा शब्द लिहिला गेला की तो कुणाला खोडता येणार नाही, असं त्यांना वाटत होतं. मी वकील असून त्यांचा हा भाबडेपणा मला आवडायचा.

बारामतीच्या कोर्टात साक्ष होती, त्याच्या आदल्या दिवशी दत्ताची आई सरांच्या घरी आली. मी तिथंच होते. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. "सर, थोरला गेला. धाकट्याला ह्याच रस्त्यानं शाळंला जायाचंय. तुमच्या पाया पडते, त्यो शब्द परत काढू नका." सरांनी तिला वाकू दिलं नाही. ती गेल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात उभं राहून सरांनी सांगितलं, "धमकी वगैरे मी काही ऐकली नाही. पाण्याच्या पाळीवरून भांडण होतं." सरकारी वकिलांनी त्यांना फितूर ठरवलं आणि उलट प्रश्न विचारले. सर प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर देत राहिले. आरोपी सुटला. आम्ही बाहेर आलो. सरच म्हणाले, "आईनं मागितलं गं. मी काय करनार?" त्यानंतर त्यांनी फ्लेक्सखाली उभं राहणं सोडलं. माणसं कागद घेऊन आली तर "डोळ्याला दिसत न्हाय" म्हणायचे. दोन-तीन वर्षांत ते गेलेच.

परवा दत्ताचा धाकटा भाऊ माझ्याकडं कामासाठी आला. आता तो त्याच दूध संस्थेचा टँकर चालवतो, चेअरमननीच लावून घेतलंय. अंगापिंडानं अगदी दत्ता. त्याला बघून मला राहवलं नाही. म्हटलं, "दत्ताचं जे झालं ना, ते..."

त्यानं मला मधेच थांबवलं. "ताई, लोकं काय बी बोलत्यात. दादाचं पाण्याच्या पाळीवरनंच झालं. मीनिंग सर सोता कोर्टात बोललेत, आन् सर कवा चुकीचं सांगत न्हवते."