करुणाच्या काचनळ्या

डोळ्यांत उतरणारा तिखट दर्प, आणि त्याखाली जुन्या सरकीचा तेलकट गोडवा... सिंदी मेघेजवळच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात करुणा मला पहिल्यांदा घेऊन गेली, तेव्हा अंधाराआधी हा वास भेटला. मग छताशी, अंधाराच्याच वाळत घातलेल्या चिंध्यांसारखी, वटवाघळं दिसली. मी पदर नाकाशी धरला. "तू कवितेवाली न वं? मंग नाक काऊन धरून राह्यली?" ती हसली, आणि हातमोज्यात धरलेल्या एका जिवाचा पंख तिने अलगद उलगडला. उन्हापुढच्या पिंपळपानासारखा तो झिरझिरीत होता. त्यावर पांढुरके, पिठूळ डाग. ती बुरशी होती.

करुणा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, पण तिचा जीव त्या डागांत गुंतला होता. परदेशात अशाच एका पांढऱ्या बुरशीने गुहाच्या गुहा ओस पाडल्या, हे तिनेच मला सांगितलं. जिथे ती बुरशी जुनी, तिथे तिचे अनेक वंश, आणि वटवाघळं तिच्यासह जगतात; जिथे ती नव्याने पोचली, तिथे एकच वंश, आणि मरण. "आपली ही जुनी शेजारीण हाय का नवी पाहुणी, येवढंच मले पायजे," ती म्हणे. त्यासाठी प्रत्येक वटवाघळाची बुरशी वेगळ्या काचनळीत, जनुकं वाचली जाईपर्यंत जिवंत ठेवायची. कॉलेजची प्रयोगशाळा बंद झाली, तेव्हा तिने त्या नळ्या पिपरी मेघेच्या घरी, मागल्या खोलीतल्या लहानशा फ्रिजमध्ये आणल्या. स्पिरिटच्या दिव्याशी बसून, श्वास रोखून, ती एकेक वंश ताज्या खाद्यावर हलवायची. मला तर साऱ्या नळ्या एकसारख्याच दिसत. "आतून नाई," ती म्हणाली. "एक मेली तं तिच्यासारखी दुसरी नाई भेटत." गेल्या उन्हाळ्यात गोदाम पाडलं गेलं. वटवाघळं कुठे गेली, कोणास ठाऊक... नळ्यांत होतं तेवढंच उरलं.

आणि गेल्या महिन्यात वर्गात बोलता बोलता ती कोसळली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती गेली होती; तिच्या बोटांना खडूची भुकटी तशीच होती. जनुकं वाचून देणार होते त्या नागपूरच्या संशोधकांना मी फोन केला; ते नळ्या सांभाळायला तयार झाले. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाचा डबा घेऊन मी तिच्या घरी गेले.

घरात फिनाइलचा वास होता. विधीला पाहुणे येणार म्हणून काकूंनी, तिच्या आईने, आधीच सारं घर धुऊन काढलं होतं. मागल्या खोलीतल्या फ्रिजचं दार सताड उघडं. आत काहीच नव्हतं.

"पोरीले टाइमच नोयता वं," काकू म्हणाल्या. "सारं सडून राह्यलं होतं फ्रिजात. पांढरी बुरशी! लोकं आले अन् पाह्यलं, तं काय म्हणतीन, करुणा असी घाणेरडी होती? म्या उकयत्या पाण्यानं धुतलं सारं."

खिडकीत काचनळ्या उपड्या घातल्या होत्या. ऊन त्यांच्या आरपार जात होतं, कुठेही न अडता. ज्यांना अजून नावही मिळालं नव्हतं, ते सारे वंश मोरीतून वाहून गेले होते. आणि तिचा प्रश्नही.

माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्या चपापल्या. "कामाचं होतं का वं त्यात काई?"

बर्फाच्या डब्याचा गारवा माझ्या हाताला झोंबत होता. मी मान हलवली... नाही.

त्यांनी एक नळी उचलली, पदराने पुसली, आणि करुणा धरायची तशीच उजेडापुढे धरली. आता साऱ्या नळ्या खरोखर एकसारख्या होत्या, आतूनही. ती नळी माझ्या तळहातावर ठेवत, डोळे टिपत, काकू म्हणाल्या,

"चकाचक."