कमी दुखणारे आधी

मूल होत नाही म्हणून येणाऱ्या बाईचा कागद हाती घेण्याआधी डॉक्टर रहांगडालेबाई तिचा नवरा शोधत. तो आमगावच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसलेला असे. डॉक्टरबाई दारातूनच त्याला विचारत, "तुमी बाहेर कायले जी? लग्न तिचं एकटीचंच झालं का?"

मी सालेकसा तहसील कचेरीच्या आवारात अर्ज लिहितो. माझ्या मसुद्यात खोड काढणारा अधिकारी विरळा. लग्नाला सात वर्षे होऊनही मूल नव्हते, तेव्हा आईने माझ्यासाठी दुसरी मुलगी पाहण्यास आरंभ केला. माझी पत्नी सुशीला हिला दरेकसाला माहेरी धाडण्याचे ठरत होते. केवळ डॉक्टरचा दाखला हवा होता. मी रीतसर अर्ज नेला : 'विषय : पत्नीच्या वांझपणाचा दाखला मिळणेबाबत.' गर्भनळ्यांचा फोटो तात्काळ काढावा, अशी विनंतीही त्यात केली.

बाईंनी तो पूर्ण वाचला. "अक्षर सुंदर आहे. पन चौकशीच्या आधी निकाल काऊन लिवून आनला?"

मग सुशीलाला पाळीच्या तारखा विचारल्या. तिने घडी घातलेली कॅलेंडरची पाने पिशवीतून काढली. त्यांवरच्या खुणा मी कधी पाहिल्या नव्हत्या. रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी, एकेक तपासणी बाईंनी तिला समजावली. नळ्यांत औषध सोडून काढायच्या फोटोचे नाव निघताच सुशीलाने पदर मुठीत आवळला.

"ते शेवटी, माय. कमी दुखनारं पहिले," बाई म्हणाल्या, आणि माझ्यापुढे डबी ठेवली. "सगळ्यात कमी दुखनारी तपासनी तर तुमची आहे, अर्जनवीस!"

ती दोनदा झाली. दोन्ही वेळा माझ्या वीर्यात शुक्राणू आढळले नाहीत. सुशीलाचे रिपोर्ट चांगले होते. नळ्यांचा फोटो काढावाच लागला नाही.

"आईला तुम्हीच सांगा, बाई," मी विनवले.

"जगाचे अर्ज तुमी लिवता, अन् हे मी सांगू? आजच सांगा. सुशीला सात वर्सं बोलनी खाऊन रायली."

त्याच संध्याकाळी सुशीलाच्या देखत मी सांगितले. आईने निवडायचे तांदूळ बाजूला सारले. मग तिला म्हणाली, "माय, चाय मांड." सुशीलाला तिने माय म्हटलेले मी प्रथमच ऐकले.

आम्हांला मूल झाले नाही. बाई गेल्या वर्षी वारल्या. आजही कोणी बायको वांझ असल्याचा अर्ज लिहून मागतो, तेव्हा मी पेनाला टोपण लावतो.

"तुमचा रिपोर्ट आनला का जी?"

तो 'नाही' म्हणाला, की पिशवीतून माझा काढून त्याच्यापुढे ठेवतो.